मोटरहोममागे ओढलेल्या गाडीची बॅटरी वाटेतच उतरते: ती भरलेली कशी ठेवावी?

दीर्घप्रवासी (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या मोटरहोममागे आम्ही एक छोटी गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून ओढतो. मुक्कामाला पोहोचून मोटरहोम एकदा उभे केले की पुढची सगळी भटकंती याच गाडीने होते, त्यामुळे ती पोहोचल्याबरोबर सुरू होणे ही आमच्यासाठी चैन नसून गरज आहे. गेल्या प्रवासात पहिल्या दिवशी सुमारे सहा तास आणि दुसऱ्या दिवशी सात तास गाडी ओढली. मधला मुक्काम रात्रीपुरताच असल्याने ती सोडवलीच नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी टो बार (गाडी ओढण्याचा जोडदांडा) काढून किल्ली फिरवली, तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होत विझले आणि स्टार्टर नुसता टिकटिक करीत राहिला. मल्टिमीटर लावला, तर बॅटरीच्या टोकांवर ११.४ व्होल्ट भरले.

बॅटरी ५० अॅम्पिअर-तासांची असून दोनच वर्षांची आहे. स्टिअरिंगला कुलूप लागू नये म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे किल्ली ‘अॅक्सेसरी’वर ठेवावी लागते. ड्रायव्हरच्या पायाजवळ ब्रेकचे पेडल दाबणारे सुटे यंत्र ठेवतो आणि ते गाडीच्याच १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलेले असते. मोटरहोमकडून गाडीकडे येणारी केबल चार तारांची आहे, म्हणजे मागचे दिवे, डावा व उजवा इंडिकेटर आणि निगेटिव्ह एवढेच.

माझे प्रश्न असे आहेत. दिवसभर चाके फिरत असताना गाडीचा अल्टरनेटर (वीज तयार करणारे जनित्र) बॅटरी भरत का नाही? मोटरहोमच्या बॅटरीतून एक जादा तार मागे नेली तर भागेल का? की डॅशबोर्डवर सोलर पॅनेल ठेवणे अधिक सोपे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नवशिका

उत्तर माझ्याकडे नाही, पण अनुभव तोच आहे. आम्ही इंधन भरायला थांबलो की गाडीचे इंजिन तीन-चार मिनिटे चालवतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेतही तसे लिहिले आहे. तेवढ्याने बॅटरी भरते असे मी आजवर समजत होतो, पण तरीही दोनदा फसलो आहे.

गॅरेजकाका

दीर्घप्रवासी यांचा पहिला प्रश्न बरेच जण मनात ठेवतात आणि विचारायला संकोचतात, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. अल्टरनेटर चाकांना जोडलेला नसतो. इंजिनच्या क्रँकशाफ्टवरील पुलीवरून पट्टा जातो आणि तो पट्टा अल्टरनेटर फिरवतो. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली जात असते, तेव्हा चाके आणि गिअरबॉक्सचा काही भाग फिरतो, पण क्रँकशाफ्ट जागचा हलत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन फिरवण्याची युक्ती कुणी सुचवली तर ती हसून सोडून द्यावी, कारण त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे वाटोळे होते.

नवशिका, तुमच्या पुस्तिकेतील ती सूचना बॅटरीसाठी नाही. ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील काही भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. म्हणून अधूनमधून इंजिन चालवून तेल सर्वत्र पोहोचवायचे, हा त्या सूचनेचा हेतू आहे. बॅटरीच्या दृष्टीने हिशेब केला, तर संथ गतीवर अल्टरनेटरने बॅटरीला ३० अॅम्पिअर दिले तरी चार मिनिटांत फक्त दोन अॅम्पिअर-तास जमा होतात. सकाळपासून वीस-पंचवीस अॅम्पिअर-तास खर्च होत असतील, तर ही भर चिमूटभरच आहे.

आता खर्च कुठे होतो ते पाहू. किल्ली अॅक्सेसरीवर असली की रेडिओ, पंख्याचे नियंत्रण, डॅशबोर्ड आणि गाडीतील निरनिराळे संगणकीय भाग जागे राहतात, आणि गाडीच्या जातकुळीप्रमाणे एक ते पाच अॅम्पिअर सतत वाहत राहतात. त्यात तुमच्या ब्रेकयंत्राचा खर्च मिळवा. शिवाय यंत्राने पेडल दाबले की गाडीचे स्वतःचे ब्रेक लाइट गाडीच्याच बॅटरीवर लागतात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. साध्या काचेचे २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अॅम्पिअर झाले. घाटातून उतरताना हे दिवे किती वेळ लागलेले असतात याचा विचार करा.

खरेदीला निघण्यापूर्वी माझी एकच विनंती आहे. डीसी अॅम्पिअर मोजणारा क्लॅम्प मीटर मिळवा, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती लावा, गाडी ओढताना असते तशी सगळी मांडणी करा आणि अर्धा तास आकडा पाहत बसा. साधा मल्टिमीटर दहा अॅम्पिअरच्या खाचेत लावूनही मोजता येते, मात्र तो जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल.

सूर्यपूजक

आम्ही तीन वर्षांपासून डॅशबोर्डवर १० वॅटचे पॅनेल ठेवतो आणि बॅटरी कधीही उतरलेली नाही. तार ओढण्याचा खटाटोप नाही, फ्यूज नाही, प्लग नाही. धागाकर्त्यांनी आधी हा उपाय करून पाहावा असे मला वाटते.

तारजोड

सूर्यपूजक यांची गाडी किल्ली काढून ओढता येते का, हे समजले तर त्यांच्या अनुभवाचा उलगडा होईल. १० वॅटचे पॅनेल लख्ख उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवले तर जेमतेम ०.६ अॅम्पिअर देते. ते काचेआड आडवे पडले की दिवसभरात दीड-दोन अॅम्पिअर-तास मिळाले तरी समाधान मानावे. बंद गाडीची स्वतःची झिरपण सुमारे ५० मिलिअॅम्पिअर, म्हणजे चोवीस तासांत १.२ अॅम्पिअर-तास असते, आणि ती भरून काढायला हे पॅनेल पुरेसे आहे. धागाकर्त्यांचा खर्च मात्र तासाला दोन-तीन अॅम्पिअर-तास असावा, असा माझा कयास आहे. तिथे पॅनेलचा उपयोग नाही.

सूर्यपूजक

होय, आमच्या गाडीत ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) न्यूट्रलला टाकून किल्ली काढून घेता येते आणि ब्रेकचे यंत्र मोटरहोमकडून येणाऱ्या तारेवर चालते. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. माझा सल्ला तेवढ्यापुरता मर्यादित समजावा.

सावकाश

मी गेली अनेक वर्षे अगदी साधा उपाय वापरतो. चार तारांच्या जागी सात पिनांचा प्लग आणि केबल घेतली, त्यातील १२ व्होल्टच्या पिनेवर मोटरहोमच्या बॅटरीतून अडीच चौरस मिलिमीटरची तार आणली आणि दोन्ही टोकांना फ्यूज घातले. जुन्या मंडळींनी शिकवल्याप्रमाणे तारेच्या मध्ये २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब मालिकेत जोडला आहे. बॅटरी फार उतरलेली असली तर बल्ब प्रवाहाला आवर घालतो, आणि पुढे कुठे तार जमिनीला लागली तर बल्ब लख्ख पेटून दोष दाखवतो. हल्लीच्या महागड्या खोक्यांशिवाय माझे काम कधी अडलेले नाही.

तारजोड

सावकाश यांच्या बल्बबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्याच्याइतके बोलके संरक्षण दुसरे नाही. पण आकडे पाहू या. मोटरहोम चालू असताना १४.२ व्होल्ट आणि गाडीची बॅटरी १२.२ व्होल्टवर असेल, तर बल्बवर दोनच व्होल्ट पडतात, आणि एवढ्या दाबावर २१ वॅटच्या बल्बमधून पाऊण अॅम्पिअरच्या आसपास प्रवाह जातो. गाडीचा खर्च अर्धा अॅम्पिअर असेल तर हा उपाय उत्तम आहे. खर्च अडीच अॅम्पिअर असेल तर बॅटरी तरीही उतरणारच, फक्त थोडी सावकाश उतरेल. (सदस्यनामावर कोटी करण्याचा हेतू नव्हता, क्षमस्व.)

आता तारेच्या जाडीविषयी सांगतो, कारण अशा चर्चा नेहमी इथेच भरकटतात. एक जण म्हणतो की बारीक तारेने माझे काम झाले, दुसरा म्हणतो की त्याच तारेने माझी बॅटरी भरली नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. मोटरहोमची बॅटरी पुढे असेल, तर तिथून मागच्या प्लगपर्यंत आणि पुढे गाडीच्या बॉनेटपर्यंत एका बाजूचे अंतर सहज १६ मीटर भरते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.११ ओहम असतो. निगेटिव्हची तारही तेवढीच धरली तर दोन्ही मिळून ०.२२ ओहम होतात. या तारेतून १० अॅम्पिअर न्यायचे म्हटले तर २.२ व्होल्ट वाटेतच गळतात आणि १४.२ पैकी पलीकडे १२ व्होल्ट उरतात, म्हणजे त्या प्रवाहाने बॅटरी भरणे शक्य नाही. पण याच तारेतून फक्त ३ अॅम्पिअर वाहत असतील तर गळती ०.७ व्होल्टच्या आत राहते, गाडीच्या बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट टिकतात आणि भरलेली बॅटरी दिवसभर भरलेलीच राहते.

मुद्दा असा की उतरलेली बॅटरी भरणे आणि भरलेली बॅटरी टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुम्ही सकाळी भरलेल्या बॅटरीने निघत असाल आणि खर्च दोन-तीन अॅम्पिअर असेल, तर साधी तार पुरते. मुक्कामी गाडी अर्धवट उतरलेली असते आणि ती प्रवासात भरून निघावी अशी अपेक्षा असेल, तर जाड तार किंवा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीच्या विजेवर दुसरी भरणारा) लागतो.

अवांतर: ज्या मोटरहोमचे इंजिन मागे असते, त्यांची इंजिनची बॅटरीही बहुधा मागेच असते आणि हे अंतर निम्म्यावर येते. त्या मंडळींनी वरील आकडे आपल्या अंतराप्रमाणे कमी करून घ्यावेत.

उतारावरून

चर्चा उत्तम चालली आहे, पण सगळे जण ‘मुक्कामी गाडी सुरू होईल का’ एवढाच प्रश्न धरून आहेत, म्हणून थोडे वेगळे लिहिते. ओढलेल्या गाडीची बॅटरी ही आधी ब्रेकची बॅटरी आहे आणि नंतर स्टार्टरची. आमचे ब्रेकयंत्रही गाडीच्या सॉकेटवर चालत असे. एका लांब उतारावर मोटरहोम नेहमीपेक्षा जड वाटू लागले, ब्रेक दाबल्यावर मागून धक्का जाणवू लागला, म्हणून बाजूला थांबून पाहिले तर यंत्राचा दिवाच बंद होता. बॅटरी इतकी उतरली होती की यंत्राने स्वतःला बंद करून घेतले होते. सुमारे दीड टन वजनाची गाडी किती अंतर ब्रेकशिवाय आमच्या मागे आली होती, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

याचाच दुसरा भाग ब्रेकअवे स्विचचा आहे. जोडणी तुटली तर दोरी पिन खेचते, स्विच जुळतो आणि यंत्र पेडल दाबून धरते, ही सगळी साखळी गाडीच्या बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरी रिकामी असेल तर सुटलेल्या गाडीला थांबवणारे काहीच उरत नाही. त्यामुळे मुक्कामी जंप स्टार्टरने काम भागते, हा युक्तिवाद मला मान्य नाही. जंप स्टार्टर जवळ असावाच, पण तो या प्रश्नाचे उत्तर नाही.

उलट प्रकारही घडतो. यंत्र चुकीच्या दाबावर बसवले गेले तर ते पेडल किंचित दाबूनच ठेवते, ब्रेक तापतात, ब्रेक लाइट सतत लागलेले राहतात आणि बॅटरी काही तासांत बसते. बॅटरी अचानक लवकर उतरू लागली, तर थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. आम्ही आता हे प्रत्येक थांब्यावर करतो.

गॅरेजकाका

उतारावरून ताईंशी पूर्ण सहमत. मी हे आधी लिहायला हवे होते.

नवशिका

एक भाबडा प्रश्न आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबलच स्विचने तोडून टाकली तर? मग खर्चच होणार नाही.

गॅरेजकाका

प्रश्न भाबडा मुळीच नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्यापूर्वी निगेटिव्ह काढण्याची किंवा ठरावीक फ्यूज उपटण्याची सूचनाच असते. अशा वेळी निगेटिव्ह टोकावर फिरवण्याचा स्विच बसवला किंवा तो फ्यूज डॅशबोर्डखालच्या स्विचवर आणला, तर रोजचे वाकणे वाचते. पण तीन गोष्टी तपासल्याखेरीज हे करू नये. स्टिअरिंग मोकळे राहते का? गिअरबॉक्स न्यूट्रलमध्येच राहतो का? काही नव्या गाड्यांत न्यूट्रल ठेवण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, आणि वीज गेली की ती पार्किंगमध्ये जाऊ शकते. आणि तिसरे म्हणजे, ब्रेकयंत्र व ब्रेक लाइट यांना वीज कुठून मिळणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर स्विच विसरा. ज्यांचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते त्यांनी तर पुस्तिका दोनदा वाचावी, कारण काही गाड्यांत ओढतानाही ते चालू ठेवावे लागते, आणि मग खर्च आणखी वाढतो.

दीर्घप्रवासी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गॅरेजकाकांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी क्लॅम्प मीटर घेऊन बसलो, त्याचा वृत्तांत देतो.

बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घेतली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी १२.७ व्होल्ट होते. किल्ली अॅक्सेसरीवर नेताच आकडा ४.१ अॅम्पिअरवर गेला आणि मिनिटाभरात २.४ वर येऊन थांबला. अर्ध्या तासानंतरही तो २.४ च होता. मग एकेक फ्यूज काढून पाहिला. रेडिओ व पडद्याचा फ्यूज काढल्यावर आकडा थेट १.१ झाला! रेडिओ बंद होता, पडदाही काळा होता, तरीही ते दोघे मिळून १.३ अॅम्पिअर खात होते. ब्रेकयंत्र नुसते बसून ०.४ अॅम्पिअर घेते आणि दाबताना दोन-तीन सेकंद ७ अॅम्पिअरपर्यंत जाते. पत्नीने पेडल दाबून धरले तेव्हा दोन बल्बांनी आणखी ३.५ वाढवले.

यावरून त्या दोन दिवसांचा हिशेब मांडला. तासाला किल्लीचे २.४ आणि यंत्राचे ०.४ मिळून २.८, म्हणजे तेरा तासांत ३६ अॅम्पिअर-तास. घाटाच्या रस्त्यावर ब्रेक एकूण दोन तास लागले असे धरले, तर दिव्यांचे ७ आणि यंत्राच्या दाबण्याचे एक-दोन. म्हणजे ५० पैकी सुमारे ४५ संपले होते. बॅटरी बिचारी निर्दोष होती.

लगेच दोन सुधारणा केल्या आहेत. रेडिओचा फ्यूज प्रवासात काढून ठेवायचा आणि मागचे बल्ब एलईडीचे बसवायचे. एवढ्यानेच तासाचा खर्च दीड अॅम्पिअरच्या आसपास येतो. तरीही तार ओढणार आहेच. आता प्रश्न असा की साधी तार घ्यावी की डीसी-डीसी चार्जर?

तारजोड

मापन पाहून आनंद झाला. तुमच्या दीड अॅम्पिअरच्या खर्चाला साधी तार पुरेल, एवढे आता निःशंकपणे सांगता येते. मात्र निवड करण्यापूर्वी आपल्या मोटरहोमचा अल्टरनेटर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. नव्या मोटरहोमच्या खालचे बरेचसे सांगाडे ‘स्मार्ट’ अल्टरनेटरचे असतात. इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, कधी साडेबारापर्यंतसुद्धा, आणि उतारावर किंवा वेग कमी करताना वर नेतो. अशा मोटरहोमवर साधी तार कितीही जाड घेतली तरी पलीकडची बॅटरी अर्धपोटीच राहते. तासभर मोटरहोम चालवून बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज पाहावे. ते सतत १४ च्या वर असेल तर अल्टरनेटर जुन्या वळणाचा आहे असे समजा.

डीसी-डीसी चार्जर येणारे व्होल्टेज कमी असले तरी ते वाढवून १४.४ पर्यंत नेतो, प्रवाहाला मर्यादा घालतो आणि बॅटरी भरत आली की हात आखडता घेतो. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन मालिकेतील १८ अॅम्पिअरचा चार्जर पुष्कळ जण वापरतात, पण या कामाला त्याच्या निम्म्या ताकदीचाही पुरतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की १० अॅम्पिअर देणारा चार्जर स्वतः सुमारे १३ अॅम्पिअर ओढतो, आणि येणारे व्होल्टेज घसरले की तो आणखी जास्त ओढतो, त्यामुळे तारेतील गळती पुन्हा वाढते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर हा चार्जर धाप लागल्यासारखा चालू-बंद होत राहतो. सहा चौरस मिलिमीटरची तार घ्या, म्हणजे गळती सव्वा व्होल्टच्या आत राहील. चार्जर गाडीच्या बाजूला, बॅटरीजवळ पण वारा लागेल असा बसवावा.

आणखी एक बारकावा आहे. तुमच्या गाडीत स्टार्ट-स्टॉप असेल तर निगेटिव्ह टोकावर एक चपटा सेन्सर दिसेल, तो बॅटरीत जाणारा-येणारा प्रवाह मोजत असतो. आपली निगेटिव्ह तार थेट बॅटरीच्या टोकावर न लावता सांगाड्यावर लावा. टोकावर लावली तर आपण भरलेला प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि गाडी बॅटरी उतरलेली समजून वागते. आणि निगेटिव्हसाठी टो बारच्या लोखंडावर विसंबू नका. सांध्यांत वंगण असते, गंज असतो, आणि खड्ड्यागणिक संपर्क तुटतो.

सावकाश

तारजोड यांनी बल्बचा हिशेब मांडला तेव्हा मी थोडा खट्टू झालो होतो, म्हणून स्वतः मोजून पाहिले. ०.८ अॅम्पिअर भरले. माझ्या गाडीचा खर्च ०.३ आहे, त्यामुळे माझे भागते. बल्ब तसाच ठेवणार आहे.

नवशिका

माझीही हकीकत सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची फसगत होणार नाही. मी एका दुकानातून चार्जिंगची तार बसवून घेतली होती. दोनदा बॅटरी उतरल्यावर या धाग्यामुळे धीर आला आणि स्वतः खाली वाकून पाहिले. दुकानदाराने तार मोटरहोमच्या बॅटरीतून आणलेलीच नव्हती. मागच्या दिव्याच्या तारेला चिमटा मारून तिथून वीज घेतली होती! म्हणजे दिवे लावले तरच चार्जिंग, तेही बारीक तारेतून. प्लग उघडला तर त्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि शेजारच्या पिनेवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर होता. दिव्याचा फ्यूज अधूनमधून का जातो, याचे उत्तरही तिथेच मिळाले.

गॅरेजकाका

तो हिरवा थर म्हणजे तांब्याचा गंज आहे. प्लग नवा बसवा, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि गाडी सुटी असताना प्लगचे झाकण बंद ठेवत जा. आणि सर्वांसाठी सांगतो: फ्यूज दोन्ही टोकांना हवा. या तारेला दोन्हीकडून बॅटरी आहे. मध्ये तार घासून सांगाड्याला लागली तर एकच फ्यूज एकाच बाजूची आग थांबवतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा.

दीर्घप्रवासी (धागाकर्ता)

काम पूर्ण करून चार दिवसांचा प्रवास झाला, म्हणून कळवतो. आमचा अल्टरनेटर जुन्या वळणाचा निघाला; दोन तासांच्या प्रवासात व्होल्टेज १४.१ ते १४.३ मध्येच राहिले. म्हणून डीसी-डीसी चार्जर घेतला नाही. सहा चौरस मिलिमीटरच्या दोन तारा मागे नेल्या, मोटरहोमच्या बॅटरीजवळ २० अॅम्पिअरचा ब्रेकर आणि गाडीच्या बॅटरीजवळ १५ अॅम्पिअरचा फ्यूज बसवला. मध्ये व्होल्टेज ओळखणारी रिले आहे. मोटरहोमकडील व्होल्टेज १३.३ च्या वर गेले की ती जोडते आणि १२.८ च्या खाली आले की तोडते. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा डायोडही विचारात घेतला होता, पण तो स्वतःच ०.७ व्होल्ट खातो, म्हणून टाळला.

उतारावरून ताईंचा प्रतिसाद वाचल्यापासून मनात धास्ती होती, त्यामुळे बिनतारी व्होल्टमीटर लावून त्याचा पडदा ड्रायव्हरसमोर ठेवला आहे. चालत्या मोटरहोममध्ये तो १३.८ दाखवतो, ब्रेक लागला की क्षणभर १३.५ वर येतो आणि पुन्हा चढतो. तो आकडा साडेबाराच्या खाली गेला तर थांबायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सात तासांच्या प्रवासानंतर गाडी सोडवली, रात्रभर ठेवली आणि सकाळी मोजले तर १२.६५ व्होल्ट. किल्ली फिरवताच सुरू झाली.

एक शंका राहिली आहे. रात्रीच्या मुक्कामी गाडी न सोडवता तशीच ठेवली, तर प्लग काढावा का?

तारजोड

रिले १२.८ ला तोडते, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना ओढून खाली नेणार नाहीत. मात्र मोटरहोम बाहेरच्या विजेवर लावलेले असेल आणि त्याचा चार्जर इंजिनच्या बॅटरीलाही पुरवठा करीत असेल, तर रिले रात्रभर जोडलेलीच राहील. त्याने नुकसान नाही, उलट गाडीची बॅटरीही भरत राहील. बाहेरची वीज नसेल तेव्हा प्लग काढलेला बरा. किल्ली मात्र अॅक्सेसरीवरून बंद करायला विसरू नका, आणि सकाळी निघताना ती पुन्हा अॅक्सेसरीवर नेऊन स्टिअरिंग मोकळे झाल्याचे हाताने फिरवून पाहा.

उतारावरून

आणि रात्री काढलेली ब्रेकयंत्राची वायर सकाळी पुन्हा सॉकेटमध्ये लावा. आम्ही किल्लीवर चिकटपट्टीने कागद लावला आहे: ‘यंत्र लावले का?’

दीर्घप्रवासी (धागाकर्ता)

आमचाही कागद आजच लावला.